आजीचा हात

सेकंड इयरला 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' एकदाचा सुटला आणि सुट्टीत मी घरी गेलो तो पक्का इंजिनियर होऊनच! आईने लगेच काम काढलं. बाथरूममध्ये भिंतीवरचं कपाट बसवायचं. आजीला वाकता येत नाही, तिचं तेल-साबण हाताशी हवं.

"सुतारकाकांना बोलाव," आई म्हणाली. मी कशाला ऐकतोय! कागद घेऊन गणित मांडलं. कपाट आणि सामान मिळून 10 किलो, म्हणजे 98 न्यूटन. वजनाचा मध्य भिंतीपासून 7 सेंटीमीटरवर. वरचे दोन स्क्रू कपाटाच्या खालच्या कडेपासून 50 सेंटीमीटर उंच. म्हणजे स्क्रूंना बाहेर खेचणारा जोर जेमतेम 14 न्यूटन. किरकोळ!

नळाच्या सरळ वरची जागा सोडली, कारण आत पाईप असतो. बिट घसरू नये म्हणून टाइलवर चिकटपट्टी लावली. हॅमर बंद ठेवून टाइलला भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या, पाणसळ लावून कपाट टांगलं. घरात कौतुक झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धडाम्! धावत गेलो तर कपाट खाली, दाराच्या आरशाचा चुरा आणि आजी भिंतीला टेकून थरथरत उभी. तोल गेला म्हणून तिने कपाटाचं उघडं दार धरलं होतं. नशीब, फक्त खरचटलं.

"माझ्यामुळे पडलं रे बाळा," ती म्हणाली. मला मान वर करवेना.

रात्री पुन्हा गणित केलं. 20 किलोचा भार, भिंतीपासून 40 सेंटीमीटरवर. उत्तर 157 न्यूटन. आधीच्या अकरा पट! माझ्या फ्री बॉडी डायग्राममध्ये आजीचा हात नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. भोकात खिळा घालून म्हणाले, "गिट्टी प्लास्टरातच राहिली. विटेपर्यंत पोचली कुठे?" त्यांनी लांब गिट्ट्या, लांब स्क्रू घेतले. पण त्याआधी आजीला विचारलं, "आजी, उठता-बसता हात कुठे टेकता?" तिने जागा दाखवली. तिथे त्यांनी स्टीलची दांडी बसवली, चारही स्क्रू विटेत.

एवढा साधा प्रश्न. तीन दिवसांत मला सुचला नव्हता.

आता सुट्टीत घरी गेलो की आधी ती दांडी हलवून बघतो. आजी हसते. म्हणते, "झाली का रे परीक्षा?"