पाव तिकीट

भावाला एसटीत चढवायचं म्हणजे मी दाराशी पाठमोरा वाकायचं, त्याने चाकाच्या खुर्चीतून माझ्या गळ्यात हात टाकायचे, आणि मग दांडा धरून तीन पायऱ्या. पहिली सगळ्यात उंच. खुर्ची मिटून डिकीत जाते. तोवर कंडक्टर डबल बेल रोखून धरतो. बहुतेक वेळा माणूस चांगला भेटतो. मग तिकिटं. भावाला 75 टक्के सवलत, आणि त्याचं अपंगत्व 65 टक्क्यांच्या वर म्हणून सोबत्याला, म्हणजे मला, 50.

“यांचं बरंय, पाव तिकिटात प्रवास,” परवा मागच्या सीटवरचे आजोबा म्हणाले. त्यांचं स्वतःचं तिकीट शून्याचं होतं. 26 ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी गाठलेल्यांना एसटी फुकट आहे. शेजारच्या मावशी 17 मार्च 2023 पासून बायकांना मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटावर. पूर्ण पैसे मोजलेला माणूस त्या गाडीत शोधावा लागला असता. नजरेत भरली ती मात्र आमची खुर्ची.

हिशेब मीही करून पाहिला. शंभराच्या तिकिटात भावाचे 75 वाचले. स्टँडपर्यंत जायला-यायला रिक्षाचे 240 गेले. तोच रस्ता आजोबा काठी टेकत पायी येतात. सवलतीला एक शासकीय आदेश पुरतो. पायरी काढून टाकायची तर गाडीच नव्याने बांधावी लागते. गाड्या सुगम करा, असं 2016चा अपंगांच्या हक्कांचा कायदाही म्हणतो.

लंडनला भाचीकडे गेलो होतो, तेव्हा बसच्या मधल्या दारातून फळी बाहेर सरकली आणि खुर्चीवरच्या एक बाई आपल्या आपण वर गेल्या. कार्ड टेकवायचं यंत्र पुढे, चालकापाशी. तिकडे त्या फिरकल्याही नाहीत. तिथे खुर्चीवरच्या प्रवाशाला बसचं भाडंच नाही. बाई एखाद्या बड्या वकीलही असतील, आणि त्यांच्या मागून चढलेला सफाई कामगार पूर्ण भाडं भरत असेल. मला ते खटकलं, खोटं कशाला बोलू? भाची म्हणाली, “मामा, इथल्या भुयारी रेल्वेची बरीचशी स्टेशनं अजून पायऱ्यांचीच आहेत. घाई असली तरी त्यांना बसच.” मग माझं खटकणं जरा सैल झालं. पूर्ण गेलं नाही.

रात्री भावाला फोनवर सगळं सांगितलं. फुकटचं ऐकून तो नुसता “हं” म्हणाला.

“पायऱ्या किती होत्या?”

“एकही नाही.”

“आणि त्या बाईंबरोबर कोण होतं?”

“कुणी नाही. एकट्याच होत्या.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “त्या गाडीचं मी फुल्ल तिकीट काढीन रे. तुझंही वाचेल.”