रानातला रेडिओ

आंबोलीला माणसे जातात ती धबधब्यात भिजायला आणि मग टपरीवर गरम कांदाभजी खायला. या दोन्ही गोष्टी मीही यथासांग केल्या. पण सावंतवाडीहून एस. टी. घाट चढू लागली तेव्हा माझ्या डोक्यात भलतेच होते. एक नभोवाणी केंद्र जिथे होते ते रान मला पाहायचे होते.

टपरीवाल्याला विचारले, "काका, पूर्वी या रानात एक रेडिओ केंद्र होते ना?"

त्याने झाऱ्याने भजी उलटली. "धुक्यात मोबाईलाक रेंज गावना नाय, नि तुमी रेडिओ विचारतास!"

त्याचा काय दोष? त्या केंद्राला ना इमारत होती ना दारावर पाटी. पाटी लावून करण्यासारखे ते काम नव्हतेच.

गोष्ट 1955 सालची. पण ती कळायला आधी घाट उतरून पणजीला जावे लागेल. तिथे पोर्तुगीज सरकारने 1946 मध्ये ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सुरू केले. योगायोग असा, की त्याच वर्षी 18 जूनला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. पणजीच्या या केंद्राचे नाव आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना परके नव्हते. 1952 मध्ये केंद्रीय नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरच्या सिनेगीतांना कात्री लावली. केसकर शास्त्रीय संगीताचे कैवारी, हेतू थोर. पण श्रोत्यांनी निमूटपणे सुई फिरवली ती रेडिओ सिलोनकडे आणि रेडिओ गोव्याकडे. 1957 मध्ये ‘विविध भारती’ निघाली तेव्हा कुठे ही मंडळी घरी परतू लागली. मंत्र्याच्या शिस्तीने परक्या सरकारला श्रोते मिळवून दिले, याची मला अजून गंमत वाटते.

गाणी गोड होती, पण बातम्या सरकारच्याच होत्या. सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापील अक्षरावर असा पहारा होता, की लग्नपत्रिकासुद्धा आधी तपासून घ्यावी लागे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ यातही सरकारला बंडाचा वास येत असावा!

15 ऑगस्ट 1955 रोजी गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. अनेकजण जागीच पडले. त्यानंतर भारत सरकारने नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, ये-जा तुटली. आता आतल्या माणसांपर्यंत खरी हकीकत पोचवायची कशी? वर्तमानपत्र नाक्यावर अडते, माणूस तुरुंगात जातो. आवाजाला मात्र कुणी झडती घेऊन अडवू शकत नाही.

आदल्या वर्षी, 1954 मध्ये, दादरा-नगरहवेली मुक्त झाली तेव्हा तिथे पोर्तुगीजांचे बिनतारी संच हाती लागले होते. त्यांतूनच प्रक्षेपक तयार करण्यात आला. म्हणजे शत्रूच्याच यंत्राने शत्रूला उत्तर. 25 नोव्हेंबर 1955 रोजी आंबोलीच्या रानातून पहिला कार्यक्रम गेला. दिवसही मुद्दाम साधलेला; 1510 मध्ये अल्बुकर्कने गोवे जिंकले ते याच तारखेला. कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘व्होज द लिबर्दाद’.

तो चालवणारी प्रमुख माणसे दोन: वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. लिबियाबाई तेव्हा 31 वर्षांच्या. महायुद्धाच्या काळात त्यांनी ब्रिटिशांच्या टपाल तपासणी कचेरीत काम केले होते, पुढे मुंबईच्या आकाशवाणीतही नोकरी केली होती. शहरात जम बसलेली शिकलेली मुलगी रानात येऊन राहते, ती एक-दोन महिने नव्हे, सहा वर्षे! आंबोलीत वर्षाला तीनशे इंचांच्या घरात पाऊस पडतो. माझ्या एका दिवसाच्या मुक्कामात रुमालसुद्धा वाळला नाही. त्या ओलीत यंत्र कोरडे ठेवायचे, कागदावरची शाई फुटू द्यायची नाही, पणजीचे केंद्र काय सांगते ते कान देऊन ऐकायचे आणि त्याचे खंडन दोन भाषांत लिहून आपणच वाचायचे. समोर श्रोता नाही. गोव्यातल्या कुठल्या घरात, दारे लावून, आवाज बारीक करून कोणी ऐकत आहे की नाही, हे बोलणाऱ्याला कसे कळावे? मला विचाराल तर जळवा-सापांपेक्षा हेच अधिक कठीण.

पुढे हे केंद्र कॅसलरॉकच्या रानात गेले. गोव्याच्या रेल्वेवरचे सरहद्दीचे ठाणे ते. डिसेंबर 1961 मध्ये शरणागतीचे आवाहन याच केंद्रावरून पोर्तुगीज गव्हर्नर जनरलला ऐकवले गेले. 18 डिसेंबरला भारतीय वायुदलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली, आणि रानातल्या या दोघांना विमानात बसवून गोव्यावरून फिरवण्यात आले. ध्वनिक्षेपकावरून ती दोघे खाली सांगत होती, की 451 वर्षांनी गोवे मुक्त झाले. सहा वर्षे न दिसलेले श्रोते त्यांना त्या दिवशी वरून दिसले असतील!

दुसऱ्या दिवशी मी पणजीला उतरलो आणि अल्तिनोची टेकडी चढलो. आकाशवाणी तिथे आहे, दूरदर्शनही तिथेच. फाटकावरच्या शिपायाने काम काय म्हणून विचारले. नुसते पाहायला आलो म्हटल्यावर त्याने मला नखशिखान्त न्याहाळले. आकाशवाणीच्या या केंद्रावर आज कोकणी आणि मराठी दोन्ही भाषा नांदतात. खाली गावात या दोन भाषांवरून केवढे रण माजले होते, ते आठवून मला हसू आले.

वामनराव आणि लिबियाबाईंनी 1964 मध्ये लग्न केले. मुहूर्त धरला तो 19 डिसेंबरचा. वामनरावांना 1992 मध्ये पद्मश्री मिळाली, दोन वर्षांनी ते गेले. लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली ती 2025 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी.