त्या विहिरीचा जीव त्याच विहिरीत



मागच्या हिवाळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा खाडी पाहिली. नुसती काठावरून नाही, तर होडीत बसून, खारफुटीच्या झाडांमधून. हे लिहावं की नाही याचा महिनाभर विचार करत होते. कारण निघायच्या आधीच सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला होता, "मजा कराले पाण्यात जातं का कोणी? अनर्थदंड हाये थो!"

त्यांचं चूक नव्हतं. अनर्थदंडाचे पाच प्रकार आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. त्यातली प्रमादचर्या म्हणजे कारण नसताना जमीन उकरणं, पाणी उडवणं, झाडाची पानं तोडणं, आणि हो, कारण नसताना भटकणंसुद्धा. संसारासाठी हिंसा होते ती वेगळी, तिला काही इलाज नसतो. पण मौजेसाठी?

तरी मी गेले. का गेले ते सांगते.

माझी लेक पुण्याला नोकरी करते. दीड वर्षापूर्वी फोनवर काहीतरी बोलता बोलता ती म्हणाली, "आई, आपला धर्म म्हणजे नुसतं नको नको. बटाटा नको, कांदा नको, रात्री नको, इथे जाऊ नको, तिथे जाऊ नको. 'कर' असं काही आहे का गं त्यात?" मी तेव्हा दान, पूजा, स्वाध्याय असं बरंच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण फोन ठेवल्यावर मला माझंच उत्तर पाठ केल्यासारखं वाटलं. त्यानंतर तिनं वाद घालणं सोडलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटू लागली. म्हणून जेव्हा ती म्हणाली, "माझ्या पैशानं तुला कोकणात नेते, दोघीच जाऊ," तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

तिच्या मनात कयाक होती. कयाक म्हणजे एका किंवा दोघांची अरुंद, लांबट नाव. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आपणच मारायचं, आणि वाट दाखवणारा दुसऱ्या नावेत पुढे. गोव्यात, अंदमानात लोक अशा नावांतून खारफुटीत फिरतात म्हणे, तिनं फोटो दाखवले. मी दोन अटी घातल्या. नावेला इंजिन नको, आणि वल्हं माझ्या अडाणी हातात नको. त्या पाण्याची माहिती असलेल्या माणसानं ते मारावं. दोन दिवसांनी तिचा फोन आला, "आई, तुझ्यासारखंच सापडलं. बायकाच होडी चालवतात."

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत 'स्वामिनी' नावाचा महिला बचत गट आहे. श्वेता हुले आणि त्यांच्या सोबतिणींनी 2017 मध्ये तिथे कांदळवन सफर सुरू केली. शासनाचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांची त्यांना मदत झाली. होडी वल्ह्यानं चालते आणि वल्हं बायकांच्याच हातात असतं.

बडनेऱ्याहून नागपूर-मडगाव गाडी धरली. दिवस मावळायच्या आत घरीच जेवून निघालो. दुसऱ्या दिवसासाठी लाह्या, फुटाणे, खारीक आणि दाण्याचे लाडू, उकळलेलं पाणी आणि छन्ना. कुडाळला उतरून वेंगुर्ल्याला पोहोचेपर्यंत सूर्य कलला होता. जिथे उतरलो त्या काकूंनी पाच वाजताच तांदळाची घावनं आणि लसूण न घालता सोलकढी वाढली. एवढं आधी सांगितलं की कुठेही सांभाळून घेतात, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ बघून होडी निघाली. आम्हा दोघींना लाइफ जॅकेट घालायला दिली. खरं सांगते, होडीत पाय ठेवताना माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. एक बुडण्याची भीती. दुसरी म्हणजे बंदरावरचा मासळीचा वास. वल्हं मारणारी ताई मासेमारी करणाऱ्या समाजातली. मी मनातल्या मनात णमोकार म्हणत, अंग चोरून बसले होते.

पण मैत्रिणींनो, होडी आत वळली आणि मी सगळं विसरले.

खारं पाणी मला नवं नाही. माझं माहेर दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या कितीतरी गावांत जमिनीखालचं पाणीच खारं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यावर झाड लावलं तर जळून जातं. मीठ म्हणजे झाडाचं मरण, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आणि इथे त्याच मिठात हिरवंगार रान उभं!

ताईंनी एकेक झाड दाखवलं. तिवर मुळांनी पाणी ओढतं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पांढरी चिप्पी हे 2020 पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवन वृक्ष आहे. तिची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. चिखलात हवा नाही, म्हणून मुळंच श्वास घ्यायला वर येतात. कांदळाचं बी तर आईच्या अंगावरच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखी लांब हिरवी शेंग लटकत असते. ते नुसतं फळ नव्हे, रोपच. आईनं वाढवून मगच सोडलेलं.

एका वळणावर ताईंनी वल्हं जवळजवळ थांबवलं. होडी आपोआप सरकत राहिली. मी विचारलं, "काय झालं?"

"हयसर जोरान मारूचा नाय, काकी. पिल्लां आसत."

वाकून पाहिलं. मुळांच्या जाळीत बोटाच्या पेराएवढे मासे, त्याहून लहान कोळंबी, काचेसारखी पारदर्शक. समुद्रातल्या कितीतरी माशांची पिल्लं या मुळांच्या आडोशाला वाढतात आणि मोठी झाली की समुद्रात जातात. "माशांचा माहेर ह्या," ताई म्हणाल्या. पुढे म्हणाल्या की आम्ही मासे खातो, खोटं कशाला बोलू, पण एवढ्याशांना हात लावत नाही. पावसाळ्यात होडीही बंद ठेवतो.

मी चकित झाले. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. आपले मुनिमहाराज आणि आर्यिका माताजी चातुर्मासात विहार थांबवतात तेही पावसात जीवजंतू वाढतात म्हणूनच. त्यांचा हेतू वेगळा आणि आपला वेगळा, हे मला कळतं. उद्या जास्त मासळी मिळावी म्हणूनच ती बंदी. पण चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकावं, ही ईर्यासमिती मी आजवर प्रवचनातच ऐकली होती. इथे एक बाई पाण्यात बघून वल्हं टाकत होती.

आणि अचानक मला माझी आजी आठवली.

मी सात-आठ वर्षांची असेन. गावची विहीर खारी, म्हणून पिण्याचं पाणी शेजारच्या गावाहून बैलगाडीवर टाकीत यायचं. आजी ते दुहेरी छन्न्यातून गाळायची. मग छन्ना उलटा करून गाळलेल्याच पाण्याच्या धारेनं हळूच धुवायची आणि ती जिवाणी पितळेच्या एका लोट्यात ठेवायची. आपली विहीर दारातच होती. पण त्यात ती कधी ओतायची नाही. दुसऱ्या दिवशी गाडी निघाली की लोटा गाडीवानाकडे द्यायची. तिथल्या विहिरीत, पाण्याला लागेपर्यंत दोर सोडून, अलगद उलटा करायचा. वरून फेकायचा नाही.

मी एकदा विचारलं, "काहून व आजी, एवढ्या दूर?"

"त्या विहिरीचा जीव त्याच विहिरीत जाऊ दे माय. आपल्या खाऱ्यात मरून जाईन."

गाडीवान आधी हसायचा. मग काही महिन्यांनी तोच दारात येऊन विचारू लागला, "माय, लोटा भरला का?"

ही गोष्ट मी लेकीला त्या होडीत पहिल्यांदा सांगितली. तिशीला आलेल्या मुलीला पहिल्यांदा! ताईही वल्हं धरून ऐकत होत्या. लेक बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, टोमणा नव्हताच तो, "आणि आपल्या घरी तू काय करतेस गं, आई?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता येईना.

आमच्या घरी पाणी नळाचं, ऊर्ध्व वर्धा धरणातून येणारं. तोटीला कापड बांधलेलं आहे. मी नेमानं ते बदलते, पाणी गाळल्याशिवाय थेंबही वापरत नाही. पण ते कापड? ते मी वीस वर्षं मोरीत धुतेय. नळाला परत कसं देणार, असं म्हणून पहिल्या वर्षी वाईट वाटलं होतं. नंतर वाटणंही थांबलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गाळणं म्हणजे मला नको ते बाजूला काढणं. जिवाणी म्हणजे ज्याचं त्याला परत देणं. आजीनं दोन्ही केलं. मी अर्धंच केलं, आणि तेवढंच लेकीला दिसलं. मग तिला धर्म म्हणजे नुसतं 'नको' वाटला, यात तिचा काय दोष?

मी तिला जे होतं तेच सांगितलं. ती काही बोलली नाही. होडीत कांदळाची एक शेंग पडलेली होती. मघाशी ती हौसेनं म्हणाली होती की पुण्याला नेऊन कुंडीत लावते. आता तिनं ती ताईंना दाखवून विचारलं, "ही कुठे सोडू?" ताईंनी होडी चिखलाच्या कडेला नेली. लेकीनं टोकाची बाजू खाली धरून ती हळूच चिखलात रोवली.

संध्याकाळी बंदरावर उभ्या होतो. वेंगुर्ल्यासमोर दूर समुद्रात खडकाळ बेटं आहेत, त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथल्या समुद्रगुहेत भारतीय पाकोळी नावाचे छोटे पक्षी हजारोंनी राहतात. आपल्या लाळेनं ते गुहेच्या भिंतीला घरटं चिकटवतात. परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात, म्हणून इथूनही ती चोरून नेली जात, अंडी-पिल्लं टाकून देऊन. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं त्यांच्या रक्षणाचं काम हाती घेतलं. लेक म्हणाली, "गुहा बघायला मिळाली असती तर!" मग स्वतःच म्हणाली, "नको. त्यांचं घर आहे." तिच्या तोंडचं ते 'नको' ऐकून मला काय वाटलं, ते तुम्हाला सांगायला नको. दिग्व्रत घेताना आपण नदी, डोंगर, समुद्र यांची सीमा ठरवतो. इथपर्यंत जाईन, यापुढे नाही. त्या सीमेपलीकडच्यांना आपल्याकडून अभय मिळतं, हे मला त्या बंदरावर उमगलं.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. मोरीतल्या कापडाचंसुद्धा. त्या म्हणाल्या, "गेली थे चूकच." मी मान्य केलं. त्या चतुर्दशीच्या प्रतिक्रमणात होडीचंही आलोचन केलं आणि वीस वर्षांच्या कापडाचंही. दुसरं जास्त जड गेलं.

आमच्या परसात जुनी विहीर आहे, गोड्या पाण्याची. बोअर झाल्यावर तिच्यावर पत्रा टाकला होता. तो आम्ही काढला. मजूर लावून जाळी बसवली, रहाट दुरुस्त केला. आता स्वयंपाकाचं आणि पिण्याचं पाणी रोज सकाळी त्या विहिरीतून काढते, दुहेरी छन्न्यातून गाळते, आणि जिवाणी तिथेच सोडते. बुडाला कडी असलेली बादली मिळाली, पाण्याला टेकली की ती आपोआप कलंडते. नळाच्या पाण्याचा प्रश्न सुटलेला नाही. कपडे-भांड्यांना तेच लागतं. पण ते किती वापरायचं, याचा नियम घेतला आहे.

पहिल्या दिवशी मी बादली सोडत होते. सासूबाई गुडघे दुखत असताना काठी टेकत परसात आल्या. काही न बोलता त्यांनी दोराला हात लावला.

"हळू सोड," म्हणाल्या. "खाली पाण्याले लागू दे."

तुमच्या घरी कोणाच्या आजीचा असा लोटा असेल, तर त्याची गोष्ट मुलींना सांगा. माझ्यासारखा उशीर करू नका.

जय जिनेंद्र.