भोगवर्धनचा दंतकार

१८८५च्या ईस्टरला रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर यानं आपल्या राणीला, मारिया फ्योदोरोव्हनाला, एक अंडं भेट दिलं. वरून पांढरी मीनाकारी. उघडलं की आत सोन्याचा बलक, बलकाच्या आत सोन्याची इवलीशी कोंबडी, तिच्या डोळ्यांत माणकं. पुढं १९१६पर्यंत सेंट पीटर्सबर्गच्या फाबर्जे पेढीनं बाप-लेक अशा दोन झारांसाठी ५० अंडी घडवली. १९१७ला राज्य बुडालं, १९१८च्या जुलैत झाराचं कुटुंब येकातेरिनबुर्गच्या तळघरात गोळ्यांना बळी पडलं, आणि अंडी पांगली. काही क्रेमलिनमध्ये राहिली, काही परक्या श्रीमंतांच्या तिजोरीत गेली, काहींचा ठावठिकाणाच लागला नाही.

राजाराणीसाठी हळहळणारे पुष्कळ आहेत. माझा जीव तुटतो तो मेजावर वाकलेल्या माणसांसाठी. सोन्याच्या पत्र्यावर लाटांची बारीक नक्षी कोरायची, तिच्यावर काचेची ओली पूड पसरायची, सातशे-आठशे अंशांच्या भट्टीत भाजायची, घासायची, पुन्हा पूड, पुन्हा भट्टी. एक थर बिघडला की आधीचे सगळे मातीमोल. त्या कारागिरांतली एक आल्मा पिल. १९१३चं ‘विंटर एग’ तिच्या कल्पनेतलं. खिडकीच्या काचेवर गोठणाऱ्या बर्फाची नक्षी तिनं स्फटिकात आणि हिऱ्यांत उतरवली. क्रांतीनंतर ती फिनलंडला गेली आणि एका कारखान्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवू लागली. समोर बसलेल्या पोरांना कळलंही नाही की बाईंच्या बोटांनी काय केलेलं आहे.

तरी आल्माचं नाव उरलं. आमच्या जालना जिल्ह्यातल्या, हस्तिदंत कोरणाऱ्या दंतकाराचं तेवढंही उरलं नाही.

केळना नदीकाठचं भोकरदन म्हणजे सातवाहनांच्या काळचं भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणारे तांडे या बाजूनं जात. इथल्या लोकांनी सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दानं दिली आणि दगडावर गावाचं नाव कोरून ठेवलं. १९७३ला नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या वतीनं शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी इथली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, खणली. मणी निघाले, शंखाच्या बांगड्या निघाल्या, आणि निघालं हस्तिदंती काम. ते पाहून जाणकारांना इटलीत सापडलेली, भारतात घडलेली एक हस्तिदंती मूर्ती आठवली.

ती मूर्ती १९३८ला पॉम्पेईच्या राखेतून वर आली होती. उंची जेमतेम वीतभर. अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीच, दागिने मात्र भरगच्च. गळ्यात हार, कमरेला मेखला, हातभर बांगड्या, पोटऱ्यांवर चढत गेलेले वाळ्यांचे थर, पाय एकमेकांवर तिढा घातलेले. दोन्ही अंगांना दोन छोट्या दासी, शृंगाराचं सामान घेऊन बाहेर तोंड करून उभ्या. डोक्यातून आरपार खाली भोक पाडलेलं आहे. कुणी म्हणतात, ही आरशाची मूठ असावी. कुणी म्हणतात, छोट्या मेजाचा पाय. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटला, अख्खं शहर राखेखाली गेलं, आणि ती तिथंच राहिली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतली खूण आहे, म्हणून काही अभ्यासक तिला भारताच्या वायव्येकडची मानतात. वाद मिटलेला नाही. पण भोकरदनच्या मातीत तिच्यासारखंच काम सापडलं, आणि माझं मन तिकडंच कौल देतं. भडोचच्या बंदरातून हस्तिदंत रोमकडे जात होता, हे त्या काळच्या ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय. पैठणचा माल बैलगाड्यांनी भडोचला पोचायला वीस दिवस लागत, हेही त्यानंच लिहिलं. त्या गाड्यांबरोबर तूही गेलास, दंतकारा, तुझ्या हातच्या कामातून. आणि तुझ्याबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही. सांचीला विदिशेच्या दंतकारांनी तोरणाच्या दगडावर आपण हे कोरलं म्हणून नोंद तरी ठेवली. तुमच्या श्रेणीला, कारागिरांच्या संघाला, तेवढीही जागा कुठं मिळाली नाही.

जालना सोन्याचा पाळणा, असं आमच्याकडं म्हणतात. आता इथं भंगार वितळवून सळया ओढतात. तुझा धंदा मात्र भोकरदनमधून पार उठला. कधी उठला, तुझ्या शेवटच्या वंशजानं कानस कुणाच्या हाती दिली, की ती उंबऱ्यातच गंजू दिली?

मला तुला विचारायचं आहे. आधी काय कोरलंस, चेहरा की वाळे? ते थर एकाच दिवसात केलेस की डोळे दुखले म्हणून मध्येच थांबलास? त्या दोन दासी तुझ्या घरातल्या पोरींवर बेतल्यास का? हस्तिदंताचा तुकडा चिरला तर दुसरा मिळायचा, की त्याची भरपाई तुझ्याच अंगावर यायची? आणि व्यापारी ती घेऊन निघाला, तेव्हा ठरलेले पैसे त्यानं पुरते मोजले का?