डाग गेले, पुढे काय?

निवृत्तीनंतर बाबांनी नाशिकच्या घरी दोन फुटी फिश टँक आणला आणि आमच्या फोनवरच्या बोलण्याला विषय मिळाला. त्याआधी ‘जेवलीस का’च्या पुढे गाडी सरकत नसे. त्यामुळे डिसेंबरात त्यांनी मोलींचा फोटो पाठवला, अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, तेव्हा मला माशांइतकीच त्या विषयाचीही काळजी वाटली.

हा व्हाइट स्पॉट, म्हणजेच इक. इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय परजीवी. प्रत्येक ठिपक्यात, माशाच्या कातडीखाली, तो बसून खात असतो. तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो स्वतःच बाहेर पडतो, तळाच्या वाळूला चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्लं तयार करतो. कवचातही औषध शिरत नाही. पिल्लं पाण्यात सुटली की मासा गाठायला त्यांच्या हातात जेमतेम एक-दोन दिवस असतात. औषधाचा मारा लागू पडतो तो एवढ्याच काळात.

चौथ्या दिवशी बाबा खुशीत. “अगं, डाग गेले! औषध बंद केलं.”

मला हीच भीती होती. डाग गेले म्हणजे मंडळी वाळूत उतरली. ऑफिसात बग दिसेनासा झाला की तिकीट बंद करायची अशीच घाई होते. “बाबा, खरं काम आत्ता सुरू होतंय,” म्हटलं. ते जरा चिडले, पण ऐकलं.

हीटरने पाणी हळूहळू ३० अंशांवर नेलं. उबेत परजीवीचं चक्र भराभर फिरतं, पिल्लं लवकर उघड्यावर येतात. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून एअर पंप जोरात. फिल्टरमधला कार्बन काढला, तो औषधच शोषून घेतो. वाळू पाइपने उपसली, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही दहा दिवस औषध चालू ठेवलं. सातपैकी पाच मोली वाचल्या.

दुकानदार कौतुकाने सांगतो, “आजच माल आलाय.” मला ती धोक्याची सूचना वाटते. प्रवासाने दमलेल्या माशाच्या कल्ल्यांत इक लपलेला असू शकतो, वरून मासा स्वच्छ. म्हणून नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबात, जाळी आणि पाइपही वेगळे. ओल्या जाळीतूनही तो टँकमध्ये पोचतो.

“पाहुण्यांना महिनाभर ओसरीवरच बसवायचं?” बाबांनी विचारलं.

“हो.”