कचेरीतला मोबाइल

जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मोबाइल वापरण्याचे नियम काढले. कामासाठी शक्यतो कार्यालयाचा लँडलाइन वापरावा, मोबाइलवर हळू आवाजात बोलावे, समाजमाध्यमे वापरताना वेळेचे आणि भाषेचे तारतम्य ठेवावे. सरसकट बंदी घातली नाही, हे चांगले झाले. मात्र लोकप्रतिनिधींचे आणि वरिष्ठांचे फोन विनाविलंब घ्यावेत, दौऱ्यावर मोबाइल बंद ठेवू नये, हेही त्याच आदेशात होते.

खरी गाठ इथेच बसते.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा फोन बघावा. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा ग्रुप. फळ्यावर भागाकार अर्धा सुटलेला असतो आणि ‘माहिती तातडीने, दुपारी दोनच्या आत’ असा मेसेज येतो. गुरुजी खडू ठेवून पटावरचे आकडे टाइप करू लागतात. पोरे गलका करतात. फोन गुरुजींचा, रिचार्ज गुरुजींचा, काम सरकारचे. अशा माणसाला ‘कामाच्या वेळेत व्हॉट्सॲप नको’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

कामात चार मिनिटे फेसबुक पाहिल्याने आभाळ कोसळत नाही. मेलबर्न विद्यापीठाच्या ब्रेंट कोकर यांच्या २००९ मधल्या अभ्यासात, कामाच्या वेळेच्या वीस टक्क्यांच्या आत विरंगुळ्यासाठी इंटरनेट पाहणारे कर्मचारी न पाहणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ टक्के अधिक काम करणारे आढळले. एका अभ्यासावर धोरण उभे राहत नाही, पण चहाच्या सुट्टीइतकी मोकळीक द्यायला हरकत नसावी.

खिडकीवर मात्र ही मोकळीक नको. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेली बाई कागद हातात धरून उभी आहे आणि काचेच्या आत रील चालू आहे, हे खपवून घेता कामा नये. तिचा खाडा कुणी भरून देत नाही.

पण घड्याळाचा हा काटेकोरपणा कचेरीलाही लागू हवा. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मोकळे राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तशाच हक्काचे खासगी विधेयक मांडले; त्याचा कायदा झाला नाही. रात्री ग्रुपवर तक्ते मागवणे तर साध्या परिपत्रकानेही थांबवता येईल. कर्मचाऱ्यांच्या फोनवर निर्बंध घालण्याआधी ते निघायला हवे.