मकबऱ्याची घडी

१.
सहावीच्या गणितात ‘सममिती’ येते. मी दरवर्षी फळ्यावर फुलपाखरू काढतो आणि दरवर्षी त्याचा एक पंख मोठा होतो. यंदा ठरवलं, बीबी का मकबरा. शाळेपासून चालत वीस मिनिटं.

२.
जाण्याआधी कागदकाम. आवार उत्तर-दक्षिण ४५८ मीटर, पूर्व-पश्चिम २७५. वीस मीटरला एक सेंटिमीटर धरा, आयत कापा, घडी घाला. उभी घडी जमली, आडवी जमली. मग अर्ध्या वर्गाने कर्णावर घडी घातली आणि कोपरे बाहेर आले. कर्णावर कापलं तर दोन तुकडे अगदी सारखे निघतात, पण घडी घातली तर एकावर एक बसत नाहीत. हे मोठ्यांनाही पटत नाही. मुलांनी कागदाला दोष दिला.

३.
ताजमहाल बागेच्या टोकाला, नदीकाठी आहे. मकबरा बागेच्या मधोमध. “म्हणजे आपला जास्त बरोबर.” आग्र्याचा निकाल लागला.

४.
दरवाज्यातून आत येणारा प्रत्येक जण चार पावलं इकडेतिकडे सरकतो आणि बरोबर मधल्या रेषेवर थांबून फोटो काढतो. अक्ष कशाला म्हणतात हे कुणाला विचारू नये. रेषेवर रांग लागली होती.

५.
मोजणी. मिनार डावीकडे दोन, उजवीकडे दोन. जोड्या लागत गेल्या. मग वहीतून डोकं वर न काढता एक मुलगी म्हणाली, “सर, इकडं मशीद दिसायली, तिकडं कायच नाही.”

खरंच नाही. पश्चिमेची ही मशीद मागाहून, निजामाच्या काळात आली. ताजच्या पश्चिमेलाही मशीद आहे, पण तिथे पूर्वेला तशीच दुसरी इमारत उभी केली. तिचं नावच ‘जवाब’. काम काय, तर समोरचीला तोल देणं.

मुलीने लिहिलं : मशिदीला जोडी नाही. मी बरोबरची खूण केली.

६.
खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत संगमरवर. हात लावला की गार. त्याच्या वर काळा दगड, त्यावर पांढरा घोटीव गिलावा. घुमट पुन्हा संगमरवरी. लांबून सगळं एकच वाटतं.

“वर पाव, खाली पाव, मधे वडा.”

आडव्या अक्षाचं याहून सोपं उदाहरण मला सुचलं नाही. (चटणी एकाच बाजूला लावतात, ही हरकत मागून आली.)

७.
गाइड सांगतात, शहजादा आझमशहाने आईसाठी बांधला. आई, दिलरास बानू बेगम, १६५७ मध्ये गेली. आझमशहाचा जन्म १६५३चा. काम संपलं १६६०-६१ला. वजाबाकी मुलांनीच केली.

“सर, दुसरीतला पोरगा?”

औरंगजेबाचं नाव मग कुणीतरी हळूच घेतलं.

८.
खर्च सांगितला. ताजला ३ कोटी २० लाख म्हणतात. गुलाम मुस्तफांच्या ‘तारीखनामा’त मकबऱ्याचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे. तीन कोटींवर कुणी पापणी हलवली नाही. सात आण्यांवर दहा मिनिटं गेली. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे सात आण्यांचे पावणेचव्वेचाळीस पैसे. ते कोणाला दिले असतील?

९.
मुख्य दरवाज्यावरच्या लेखात दोन नावं आहेत : अताउल्ला आणि हंसपत राय. अताउल्लाचे वडील उस्ताद अहमद लाहोरी, ताजचे वास्तुकार.

“वडिलांची वही कॉपी केली.”

तसंही नाही. नुसती लहान प्रत काढली असती तर दोन्ही इमारती समरूप ठरल्या असत्या. प्रमाणच बदललंय : इथे सगळं आखडलेलं, उभट. गुण कापायचे तर कॉपीसाठी कापायचे की चुकीच्या कॉपीसाठी?

१०.
कारंजी बंद, पाणी थांबलेलं. पाण्यात उलटा घुमट. एक खडा, आणि प्रकरण संपलं.

११.
परतताना शब्दांचा खेळ. ‘रामाला भाला मारा’ उलटसुलट सारखं. ‘चिमा काय कामाची’त पहिली चि ऱ्हस्व, शेवटची दीर्घ, एकीने लगेच पकडलं. ‘भाऊ तळ्यात ऊभा’ सगळ्यांना पाठ. पण शुद्ध लिहिलं की ‘उभा’, आणि खेळ मोडला. सममिती हवी तर शुद्धलेखनाचा गुण सोडा.

१२.
अक्षरांत ‘ठ’ पास. ‘ळ’वरून भांडण झालं, वर्गातल्या निम्म्यांचा ‘ळ’ एका बाजूला जेवलेला असतो.

१३.
थडगं खाली आहे. वरच्या अष्टकोनी मोकळ्या जागेतून वाकून बघायचं. भोवती संगमरवरी जाळी, तीही अष्टकोनी. आठ अक्ष, बरोबर मधे बेगम. लोक वरून नाणी टाकतात. नाणी कशीही पडतात.

ताजमध्ये बरोबर मधे मुमताज आहे. शहाजहानची जागा नंतर शेजारी केली, तेवढ्याने आतली मांडणी एका अंगाला कलली. इथला नवरा खुलताबादला, उघड्या आकाशाखाली, साध्या मातीत. पंचवीसेक किलोमीटर. इथली मांडणी शाबूत.

हे वर्गात सांगितलं नाही.

१४.
पैठणी खरी की खोटी ते पदर उलटून बघायचं : दोन्ही बाजूंना नक्षी तशीच. हिमरू उलटा, आत मोकळ्या धाग्यांचा पसारा. म्हणूनच अंगाला मऊ. दोन्ही विणकाम एकाच जिल्ह्यातलं.

१५.
“सर, माझा भांग डावीकडं आहे. मी सममित नाही का?” भांग सोडून, म्हटलं. मग तीळ निघाले, पडलेले दात निघाले, एकाच कानात घातलेली बाळी निघाली. दुसऱ्या दिवशी दोघे मधोमध भांग पाडून आले.

१६.
चित्राचा गृहपाठ : कागदाच्या अर्ध्या भागावर शाईने अर्धा मकबरा, ओला असतानाच घडी, दाबा, उघडा. मिनार जुळले, घुमट बरा जुळला. पण ज्यांनी डावीकडचं अर्धं काढलं होतं, त्यांच्याकडे पूर्वेलाही एक मशीद उमटली. जरा फिकट.